फोल्डरमधल्या फायलींची यादी कागदावर कशी काढायची

घरातली कागदपत्रं स्कॅन करून झाली की पेन ड्राइव्हवर एक फोल्डर उभं राहतं. त्यात सातबारा, फेरफार, घरपट्टीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, मुलांच्या मार्कशीट असं सगळं असतं. पुढे दोन वर्षांनी आत नेमकं काय आहे ते कुणालाच आठवत नाही, आणि ज्याला संगणक वापरता येत नाही त्याच्यासाठी तर तो पेन ड्राइव्ह बंद पेटीच असतो. एका कागदावर नावांची यादी छापून सोबत ठेवली की ही अडचण संपते. गाडीत लावायच्या गाण्यांचा ड्राइव्ह असो, लग्नाच्या फोटोंची हार्ड डिस्क असो, पद्धत सगळीकडे हीच.

अडचण एकच आहे. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये फोल्डरची यादी छापण्याचं बटणच नाही. फायली निवडून राइट क्लिकमधलं 'प्रिंट' दाबलं तर यादी छापली जात नाही, त्या फायलीच प्रिंटरकडे जातात. दहा पीडीएफ निवडल्या असतील तर दहाही छापायला लागतात. म्हणून काम दोन टप्प्यांत करायचं: आधी नावं मजकूर म्हणून बाहेर काढायची, मग तो मजकूर छापायचा. नावं बाहेर काढण्याचे तीन-चार मार्ग आहेत. इथे ते विंडोज १० आणि ११ धरून सांगितले आहेत.

आधी दोन मिनिटांची तयारी

फोल्डर उघडा आणि खिडकीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात पाहा. तिथे एकूण वस्तूंचा आकडा दिसतो, समजा ४८. तो कागदावर टिपून ठेवा. शेवटी यादी पूर्ण आली की नाही हे त्यावरूनच ठरेल, आणि हे पडताळणं बहुतेक जण विसरतात.

नावं नीट नसतील तर यादी छापून उपयोग नाही. 'स्कॅन०००१', 'स्कॅन०००२' अशी अठ्ठेचाळीस नावं कागदावर आली तर त्यातून कुणालाच काही कळणार नाही. फाइल निवडून एफ-२ ही कळ दाबली की नाव बदलता येतं. तारीख घालायची असेल तर वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: '२०२४-०४-१५ घरपट्टी'. असं केलं की नावानुसार लावलेली यादी आपोआप तारखेनुसारही लागते. नुसते क्रमांक देत असाल तर १ ऐवजी ०१ लिहा. त्याचं कारण पुढे येईलच.

एक सावधगिरी. आधार क्रमांक, बँक खात्याचा क्रमांक किंवा पासवर्ड फाइलच्या नावात असेल तर तो आत्ताच काढा. छापलेला कागद कुणाच्याही हाती लागू शकतो.

सगळ्यात सोपा मार्ग: ब्राउझर

नवख्या माणसानं सुरुवात इथून करावी. फोल्डरच्या खिडकीत वर जो पत्ता दिसतो त्याच्या उजवीकडच्या रिकाम्या जागेवर क्लिक करा. पूर्ण पत्ता निळा होईल. कंट्रोल-सी दाबून तो कॉपी करा. क्रोम किंवा एज उघडून वरच्या पट्टीत कंट्रोल-व्हीने चिकटवा आणि एंटर दाबा. 'इंडेक्स ऑफ' अशा मथळ्याचं एक साधं पान उघडतं. त्यात नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची तारीख असे तीन रकाने असतात. रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केलं की यादी त्यानुसार लागते.

आता कंट्रोल-पी. छापण्याच्या खिडकीत 'मोअर सेटिंग्ज' उघडून दोन गोष्टी पाहा. कागदाचा आकार ए-४ आहे ना, आणि 'हेडर्स अँड फूटर्स'वर खूण आहे ना. ही खूण असली की छापल्याची तारीख आणि फोल्डरचा पत्ता पानाच्या कडेला आपोआप येतो. यादी कोणत्या दिवसाची आहे हे नंतर कळायला तेवढं पुरतं.

या मार्गाचा मोठा फायदा असा की मराठीत दिलेली नावं जशीच्या तशी येतात. ब्राउझर वापरला म्हणून यादी इंटरनेटवर जाईल अशी भीती काहींना वाटते. तसं होत नाही, पान तुमच्याच संगणकावरून उघडलेलं असतं. फक्त ब्राउझरच्या हिस्ट्रीत त्या पत्त्याची नोंद राहते.

उणीव अशी की आतल्या फोल्डरमधल्या फायली दिसत नाहीत आणि यादीत काही बदल करता येत नाही. ते हवं असेल तर पुढचे मार्ग.

नावं निवडून कॉपी करणं

फोल्डरमध्ये कंट्रोल-ए दाबून सगळं निवडा. विंडोज ११ मध्ये कंट्रोल-शिफ्ट-सी दाबा. विंडोज १० मध्ये शिफ्ट कळ दाबून ठेवून राइट क्लिक करा आणि 'कॉपी ॲज पाथ' निवडा. शिफ्ट न दाबता राइट क्लिक केलं तर विंडोज १० मध्ये हा पर्याय दिसत नाही. राइट क्लिक यादीतल्या पहिल्या फाइलवरच करा, कारण ज्या फाइलवर क्लिक होतं ती सगळ्यात वर जाऊन क्रम बिघडू शकतो.

नोटपॅड उघडून कंट्रोल-व्ही. प्रत्येक ओळ अशी दिसेल:

"ई:\कागदपत्रं\२०२४-०४-१५ घरपट्टी.पीडीएफ"

नाव हवं होतं, मागे सगळा पत्ताही आला. तो काढायला पहिल्या ओळीतलं सुरुवातीचं अवतरण चिन्ह धरून शेवटच्या उलट्या स्लॅशपर्यंतचा भाग निवडून कॉपी करा. कंट्रोल-एच दाबा, 'फाइंड'च्या चौकटीत तो चिकटवा, 'रिप्लेस'ची चौकट रिकामीच ठेवा आणि 'रिप्लेस ऑल' दाबा. सगळ्या ओळींमधला पत्ता एका फटक्यात जातो. मग तसंच अवतरण चिन्हासाठी पुन्हा करा, म्हणजे ओळीच्या शेवटची चिन्हंही जातील. शेवटचा उलटा स्लॅश निवडायला विसरलात तर प्रत्येक नावापुढे तो तसाच उरतो. कंट्रोल-झेड करून पुन्हा करा.

एक्सप्लोररमध्ये ज्या क्रमानं फायली लावल्या असतील त्याच क्रमानं नावं येतात, आणि कंट्रोल दाबून फक्त हव्या त्या फायली निवडल्या तर तेवढीच यादी होते. पन्नासेक फायलींसाठी हा मार्ग उत्तम.

कमांड प्रॉम्प्ट: शेकडो फायलींसाठी

कमांड प्रॉम्प्ट म्हणजे विंडोजमधली काळी खिडकी, जिच्यात कमांड, म्हणजे हुकूम, टाइप करून संगणकाकडून काम करून घेता येतं. तिला घाबरायचं कारण नाही. इथे वापरलेल्या कमांड फक्त नावं वाचतात, तुमच्या फायलींना हात लावत नाहीत. जपायचं ते एवढंच की यादीच्या फाइलला आधीच असलेल्या फाइलचं नाव देऊ नका, नाहीतर जुनी फाइल न विचारता पुसली जाते.

खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना प्रत्येक अक्षर आणि आकडा इंग्रजी कीबोर्डवरून द्यायचा. 'डीआयआर' म्हणजे डी, आय, आर ही सलग तीन अक्षरं. मोठी-लहान लिपी कोणतीही चालते. यादीच्या फाइलला सध्या 'ए' एवढंच नाव देऊ.

फोल्डर उघडा, वरच्या पत्त्यावर क्लिक करा, तो पुसून तिथे सीएमडी टाइप करा आणि एंटर दाबा. काळी खिडकी थेट त्याच फोल्डरमध्ये उघडते. त्यात लिहा:

डीआयआर /बी /ओएन > ..\ए.टीएक्सटी

एंटर दाबल्यावर पडद्यावर काहीच दिसणार नाही, नुसती पुढची ओळ येईल. चुकलं असं समजून तीच कमांड पुन्हा पुन्हा देऊ नका. काही न दिसणं म्हणजेच काम झालं. एक्सप्लोररमध्ये ऑल्ट आणि वरचा बाण दाबून एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये जा, तिथे ए नावाची फाइल सापडेल.

यातला प्रत्येक तुकडा कशासाठी आहे ते समजलं की कमांड पाठ करावी लागत नाही. /बी म्हणजे नुसती नावं, तारीख आणि आकार नको. /ओएन म्हणजे नावानुसार क्रम. यातला ओ हे अक्षर आहे, शून्य नव्हे. संगणकाच्या आतल्या डिस्कवर फायली साठवण्याची बहुधा एनटीएफएस ही पद्धत असते, तिथे नावं तशीही क्रमानं येतात. पेन ड्राइव्हवर मात्र सहसा एफएटी-३२ किंवा एक्सफॅट असतं, तिथे /ओएन न दिल्यास नावं कशाही क्रमानं येतात. > या चिन्हानं निकाल पडद्याऐवजी फाइलमध्ये जातो. आणि ..\ म्हणजे ती फाइल एक पायरी वरच्या फोल्डरमध्ये ठेव.

हे शेवटचं का? > चिन्ह दिसताच विंडोज आधी रिकामी फाइल तयार करतं आणि मग यादी करायला घेतं. ती फाइल त्याच फोल्डरमध्ये असेल तर यादीत यादीचंही नाव येतं, आणि मोजणी ४८ ऐवजी ४९ भरते. फोल्डर थेट सी ड्राइव्हवर असेल तर वरच्या पायरीवर लिहायची परवानगी नसते आणि 'ॲक्सेस इज डिनाइड' असा संदेश येतो. तेव्हा ..\ गाळा आणि ती जादा ओळ नंतर हातानं पुसा.

एक्सप्लोरर आणि ही कमांड यांचा आकड्यांचा क्रम वेगळा असतो. एक्सप्लोरर १, २, १० असं लावतो, कमांड १, १०, २ असं लावते. सुरुवातीला ०१ लिहायला सांगितलं ते यासाठीच.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

आपल्याकडे सगळ्यात जास्त माणसं अडतात ती इथे. ए फाइल उघडली तर इंग्रजी नावं ठीक, पण 'घरपट्टी'च्या जागी '???????' असतं. फायलींना काहीही झालेलं नाही. कमांड प्रॉम्प्ट फाइलमध्ये लिहिताना जुनी अक्षरसारणी वापरतो, तिच्यात देवनागरीच नाही, म्हणून न ओळखलेल्या प्रत्येक चिन्हापुढे तो प्रश्नचिन्ह टाकतो. घरपट्टीत घ, र, प, ट, हलन्त, ट आणि वेलांटी अशी सात चिन्हं आहेत, म्हणून प्रश्नचिन्हंही सात.

उपाय एका ओळीचा. आधी हे लिहा आणि एंटर दाबा:

सीएचसीपी ६५००१

यानं त्या खिडकीपुरती यूटीएफ-८ ही देवनागरी असलेली सारणी लागू होते. मग वरचीच कमांड पुन्हा द्या. काळ्या खिडकीत मराठी अक्षरांऐवजी चौकोन दिसले तरी हरकत नाही, तो तिथल्या फॉन्टचा दोष आहे. फाइलमध्ये नावं बरोबर असतात. ती नोटपॅडमध्येच उघडा आणि तिथून वर्ड किंवा एक्सेलमध्ये कॉपी करा. खिडकी बंद केली की सारणी पुन्हा जुनी होते, म्हणून पुढच्या वेळी ही ओळ परत द्यावी लागते.

विंडोज ११ मध्ये दुसरी एक अडचण येते. राइट क्लिक करून 'ओपन इन टर्मिनल' निवडलं तर सहसा पॉवरशेल ही कमांड देण्याची दुसरी खिडकी उघडते. ओळीच्या सुरुवातीला पीएस ही अक्षरं दिसली की समजायचं. तिथे /बी चा अर्थ वेगळा लागतो आणि 'बी' नावाची जागा सापडत नाही अशी लाल अक्षरात तक्रार येते. तिथेच सीएमडी टाइप करून एंटर दाबा, त्याच फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट सुरू होईल.

आतल्या फोल्डरांसकट यादी

वर दिलेली कमांड आतल्या फोल्डरचं नुसतं नाव देते, त्यातल्या फायली नाही. सगळं हवं असेल तर:

डीआयआर /एस /बी /ए-डी-एच > ..\ए.टीएक्सटी

/एस म्हणजे आतल्या सगळ्या फोल्डरांसकट. /ए-डी म्हणजे फोल्डरांची नावं वेगळी नकोत, फक्त फायली. त्याला -एच जोडलं नाही तर एरवी लपवलेल्या 'डेस्कटॉप.आयएनआय'सारख्या फायलीही यादीत घुसतात आणि या आपण कधी ठेवल्या, असा प्रश्न पडतो. या यादीत प्रत्येक ओळ पूर्ण पत्त्यासह येते. सामाईक भाग नोटपॅडमध्ये कंट्रोल-एच वापरून काढायचा.

कोणत्या फोल्डरच्या पोटात काय आहे हे झाडासारखं दाखवायचं असेल तर:

टीआरईई /एफ /ए > ..\ए.टीएक्सटी

इथला /ए विसरू नका. तो नसेल तर फांद्यांच्या रेषांच्या जागी भलतीच अक्षरं छापली जातात. तो असला की रेषा साध्या उभ्या-आडव्या चिन्हांनी काढल्या जातात.

पूर्ण सी ड्राइव्हवर मात्र यातली कोणतीही कमांड चालवून थेट छापायला देऊ नका. विंडोजच्या स्वतःच्याच फायली इतक्या असतात की कागदाचं अख्खं रीम पुरणार नाही.

कपाटात ठेवायच्या ड्राइव्हसाठी /बी न देता साधी कमांड जास्त उपयोगी, असं आमचं मत आहे. 'डीआयआर /ओएन' एवढंच दिलं तर यादीच्या डोक्यावर ड्राइव्हचं नाव आणि सीरियल नंबर येतो, तळाशी फायलींची संख्या आणि एकूण बाइट. घरात एकसारखे चार पेन ड्राइव्ह असतील तर कोणता कागद कोणत्या ड्राइव्हचा हे त्या नंबरवरून ठरवता येतं.

एक्सेलमध्ये तक्ता

आकार, प्रकार, तारीख यांनुसार चाळायची असेल आणि दर महिन्याला यादी ताजी करायची असेल तर एक्सेल २०१६ किंवा त्यानंतरची आवृत्ती वापरा. 'डेटा', 'गेट डेटा', 'फ्रॉम फाइल', 'फ्रॉम फोल्डर' असं जाऊन फोल्डर निवडा आणि 'ट्रान्सफॉर्म डेटा' दाबा. आकाराचा रकाना सुरुवातीला दिसत नाही. तो 'ॲट्रिब्यूट्स' रकान्यात दडलेला असतो. त्याच्या मथळ्यावरचं दोन बाणांचं चिन्ह दाबून फक्त 'साइझ'वर खूण ठेवा. मग नाव, तारीख, आकार आणि फोल्डरचा पत्ता हे रकाने कंट्रोल दाबून निवडा, राइट क्लिक करून 'रिमूव्ह अदर कॉलम्स' आणि शेवटी 'क्लोज अँड लोड'. आकार बाइटमध्ये येतो. आतल्या फोल्डरमधल्या फायलीही आपोआप येतात. पुढच्या वेळी 'रिफ्रेश ऑल' दाबलं की झालं.

छापण्यापूर्वी 'पेज लेआउट'मध्ये 'प्रिंट टायटल्स' उघडून पहिली ओळ प्रत्येक पानावर येईल असं करा, आणि छापण्याच्या खिडकीत 'फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज' निवडा. नाहीतर तारखेचा रकाना एकटाच दुसऱ्या पानावर जातो.

मॅकवर हे सगळं फारच सोपं आहे. फाइंडरमध्ये फायली निवडून कमांड-सी, टेक्स्टएडिटमध्ये 'फॉरमॅट'मधून 'मेक प्लेन टेक्स्ट' करून कमांड-व्ही. नुसती नावं येतात. लिनक्सवर टर्मिनलमध्ये एलएस > ..\ए.टीएक्सटी, फक्त तिथे स्लॅश सुलटा द्यायचा, आणि अक्षरं लहान लिपीतली.

कागदावर उतरवताना

नोटपॅडमधून थेट छापता येतं, पण एका पानावर एकच रकाना मावतो आणि उजवी बाजू कोरी जाते. म्हणून मजकूर वर्ड किंवा लिबरऑफिस रायटरमध्ये न्या. चिकटवताना 'कीप टेक्स्ट ओन्ली' निवडा.

वर्ड प्रत्येक ओळीला वेगळा परिच्छेद समजतं आणि त्याखाली ८ पॉइंट जागा सोडतं. शंभर नावांना दोन पानं पुरायची तिथे चार लागतात, ती यामुळे. सगळं निवडून 'पॅराग्राफ'मध्ये 'आफ्टर' शून्य करा आणि ओळींमधलं अंतर 'सिंगल' ठेवा. फॉन्टसाठी निर्मला यूआय, १० पॉइंट. मंगल हा फॉन्टही चालेल, पण त्याच्या ओळी बऱ्याच लांब-लांब पडतात आणि कागद जास्त लागतो. चारही बाजूंना २० मिलिमीटर समास ठेवला तर ए-४ पानावर एका रकान्यात साधारण ५० ओळी बसतात. 'लेआउट', 'कॉलम्स', 'टू' केलं की तेवढ्याच पानात शंभरेक.

दोन रकान्यांत लांब नावं मोडून दुसऱ्या ओळीवर येतात आणि ती ओळ म्हणजे वेगळी फाइल वाटते. 'पॅराग्राफ'मध्ये 'हँगिंग' इंडेंट ५ मिलिमीटर द्या, म्हणजे मोडलेली ओळ आत सरकेल आणि प्रत्येक नावाची सुरुवात डाव्या कडेला स्पष्ट दिसेल. त्यानंतर सगळ्या ओळींना क्रमांक लावा. यादी आतल्या फोल्डरांसकट काढलेली नसेल तर शेवटचा क्रमांक सुरुवातीला टिपलेल्या ४८ शी जुळला पाहिजे. कमी भरला तर निवडताना काही सुटलं आहे. जास्त भरला तर यादीचीच फाइल किंवा एखादी लपवलेली फाइल आत आली आहे.

प्रिंटर 'कागद भरा' म्हणून अडून बसला आणि ट्रेमध्ये कागद दिसतच असेल तर कागदाचा आकार तपासा. विंडोजमध्ये प्रदेश म्हणून अमेरिका निवडलेला असला की मजकूर २१६ बाय २७९ मिलिमीटरच्या लेटर आकारात जातो, आणि ट्रेमध्ये असतो २१० बाय २९७ चा ए-४. वर्डमध्ये 'लेआउट', 'साइझ', 'ए-४' केलं की तो सुटतो. आधी फक्त पहिलं पान छापून पाहा, मग बाकीची.

पानाच्या माथ्यावर तीन गोष्टी लिहा: ड्राइव्हचं नाव, यादीची तारीख, फायलींची संख्या. ड्राइव्हला नाव नसेल तर 'धिस पीसी'मध्ये त्यावर राइट क्लिक करून 'रीनेम' करा आणि तेच नाव चिकटपट्टीवर लिहून पेन ड्राइव्हलाही लावा. पानाच्या तळाशी दहाएक ओळी मोकळ्या सोडा. पुढे एखादी नवी पावती स्कॅन केली तर तेवढ्यासाठी सगळी यादी पुन्हा न काढता तिचं नाव पेनानं तिथे लिहिता येतं. त्या ओळी भरल्या की नवी यादी छापून जुनी फाडून टाका.